भोगीच्या ९० दिवस आधी : आमची वाटचाल

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या जुन्या घरामागे २० बाय १५ फुटांचं परस आहे. सासूबाईंच्या हातचं अळू, कढीपत्ता, ओव्याचं झुडूप आणि कोपऱ्यात एक पपई. २०१५ च्या पावसाळ्यात मी हिशेबाची नोकरी सोडली आणि याच परसातून कामाला लागले. लोकांच्या घरामागे, गच्चीवर भाजीची बाग लावून द्यायची, असा विचार होता. एक फावडं, दोन खुरपी, एक झारी आणि नवऱ्याची जुनी स्कूटर, एवढंच भांडवल.

पहिल्या हिवाळ्यात ११ घरं मिळाली. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, टोमॅटो, जे लावलं ते आलं. माळव्याची काळी माती, तिला काय कमी, असं इथे सगळेच म्हणतात. मीही तेच धरून चालले. पुढच्या वर्षी लोकांनीच विचारलं, गाजर लावता येईल का? मी हो म्हटलं. रुंद पिशवी, माती, खत आणि बी, असा ३५० रुपयांचा संच केला आणि २६ घरी पोहोचवला. सप्टेंबरचा पहिला आठवडा होता. पाऊस ओसरला होता, ऊन चटका देत होतं.

निम्म्या घरी बी उगवलंच नाही. जिथे उगवलं तिथे पाला छान हिरवागार, हातभर वाढला. म्हणून जानेवारीपर्यंत मी निश्चिंत होते. भोगीच्या आदल्या दिवशी लोकमान्य नगरच्या एका काकूंचा फोन आला. "येऊन जा जरा," एवढंच म्हणाल्या.

मी गेले. काकूंनी माझ्यासमोर एक गाजर उपटलं. बोटाएवढं लांब, खालून दोन पाय फुटलेले, दोन्ही पाय एकमेकांभोवती पिळलेले, अंगभर बारीक मुळ्यांची लव. रंग फिकट, गुलाबी म्हणावा की पिवळा, हेच कळेना. दुसरं उपटलं, त्याला तीन पाय. काकू रागावल्या नाहीत. "नातवाला सांगून ठेवलं होतं गं, यंदा भोगीची भाजी घरच्या गाजराची," म्हणाल्या. त्या वाक्याने मला जे झालं, ते रागावण्याने झालं नसतं. त्या आठवड्यात २६ घरी जाऊन प्रत्येकाचे पैसे परत केले, ९,१०० रुपये. त्या महिन्यात घर नवऱ्याच्या एकट्याच्या पगारावर चाललं.

माझ्या लेखी व्यवसाय खरा सुरू झाला तो तेव्हापासून.

ओळखीतल्या एका निवृत्त प्राध्यापकांकडे ती गाजरं पिशवीत घालून घेऊन गेले. शेतीत उभी हयात गेलेला माणूस. त्यांनी एकेक गाजर हातात घेऊन मला वाचून दाखवलं. दोन पाय का फुटले? सोटमूळ खाली जाताना ढेकूळ, खडा किंवा कच्च्या शेणाचा गोळा आडवा आला, टोक दुखावलं की मूळ फाटतं. मी एका विक्रेत्याकडून घेतलेलं शेणखत अर्धं कच्चं होतं, आणि ते मी तपासलं नव्हतं. पाला भरघोस आणि गाजर बारीक का? ताज्या खतातला नत्र पानांकडे गेला, शिवाय विरळणी केलेली नाही. रंग का नाही? गाजराला रंग चांगला धरतो १५ ते २० अंशांच्या हवेत, आणि आपण भर उन्हात पेरलं. बी का उगवलं नाही? तापलेल्या, वरून पापुद्रा धरलेल्या मातीतून ते नाजूक कोंब वर येणार कसे? शेवटी त्यांनी पिशवीची खोली विचारली. सहा इंच. त्यावर ते काही बोलले नाहीत.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मी इंदूरच्या प्रत्येक ग्राहकाला सांगते. आज जिथे कृषी महाविद्यालय आहे, तिथे पूर्वी वनस्पती-उद्योग संस्था होती. १९२४ ते १९३१ या काळात इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ सर अल्बर्ट हॉवर्ड तिथे होते. शेतातला काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर लावून, ढीग वरचेवर उलटून तीन महिन्यांत खत करायची रीत त्यांनी इथे बसवली. जगभर ती 'इंदूर पद्धत' म्हणूनच ओळखली जाते. आणि १९३१ साली या पद्धतीवर जे पुस्तक निघालं, त्यावर हॉवर्ड यांच्यासोबत यशवंत वाड यांचं नाव आहे. आपल्या गावाचं नाव कंपोस्टला दिलं गेलंय आणि मी मात्र खत कुठून तरी पोत्यात भरून आणत होते, याची मला फार लाज वाटली.

२०१७ भर आम्ही फक्त मातीवर काम केलं. नवीन घरं जवळपास घेतलीच नाहीत. आमच्या परसात तीन ढीग लागले, पुढे सांवेर रस्त्याला एक छोटी जागा भाड्याने घेतली. काळ्या मातीत गाजर करायचं तर ती भुसभुशीत करावी लागते. नुसती मूठभर वाळू घालून भागत नाही, उलट ती माती वाळली की विटेसारखी होते. पुष्कळ हिशेब करून आमचं प्रमाण ठरलं: एक तगारी चाळलेली काळी माती, एक तगारी नदीची वाळू, एक तगारी पूर्ण मुरलेलं कंपोस्ट. वर मूठभर निंबोळी पेंड, कारण सूत्रकृमी, म्हणजे मातीतले अगदी बारीक जंत, लागले की मुळांवर गाठी येतात आणि गाजर पुन्हा फाटतं. ज्या वाफ्यात आधी गाठी दिसल्या, तिथे उन्हाळ्या-पावसाळ्यात झेंडू लावतो. खत मुरलं की नाही, ते हाताला कळतं. मुठीत दाबून नाकाशी धरायचं. पहिल्या पावसाचा वास आला तर घ्यायचं, शेणाचा वास आला तर ढिगात परत. हे काम मी अजून दुसऱ्या कुणावर सोपवलेलं नाही.

वाफा जमिनीपासून फूटभर उंच. पिशवी घेतली तरी तिची खोली १२ इंचांच्या खाली नाही.

वेळ ठरवताना सासूबाईंची मदत झाली. त्या म्हणाल्या, भोगीला हवीत ना, मग मागे मोज. भोगी १३ जानेवारीला, लाल गाजराला साधारण ९० ते १०० दिवस लागतात. मागे ९० दिवस मोजले तर १५ ऑक्टोबर. तेव्हापासून आमचं गाजराचं वर्ष १५ ऑक्टोबरलाच सुरू होतं. दुपारी ऊन असतं, पण रात्री गार होऊ लागलेल्या असतात. डिसेंबर-जानेवारीत इथे रात्रीचं तापमान १० अंशांच्या आसपास येतं, आणि त्या गारठ्यात गाजरात साखर भरते. वाण म्हणाल तर लाल हवं असेल त्यांना पुसा रुधिरा. हा रंग लायकोपीनचा, टोमॅटोत असतो तोच. ज्यांना थोडं लवकर पेरायचं असेल त्यांना पुसा मेघाली, ती नारिंगी आणि उष्णता सोसणारी. नॅन्टिस मात्र नोव्हेंबर उजाडल्याशिवाय आम्ही देत नाही. ती थंडीची, कोशिंबिरीला फार गोड. हलव्याला लालच. सराफ्यात, इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, तळलेल्या गराडू कंदाशेजारी हलव्याची कढई ज्याने पाहिली आहे, त्याला वेगळं सांगायला नको.

पेरणी कशी करतो ते सविस्तर सांगते, कारण जास्त लोक इथेच हरतात. गाजराचं रोप लावून चालत नाही, बी जागेवरच टाकायचं. एका ग्रॅममध्ये ८०० च्या आसपास बिया, इतकं बारीक बी. ते चौपट कोरड्या वाळूत मिसळायचं, बोटाने अर्धा सेंटीमीटर खोल रेघ ओढायची आणि चिमटीने सोडत जायचं. वर माती नाही, चाळलेलं कंपोस्ट, म्हणजे पापुद्रा धरत नाही. मग ओलं गोणपाट. ते सकाळ-संध्याकाळ झारीने भिजवायचं आणि सातव्या दिवसापासून रोज कोपरा उचलून बघायचं. पहिला हिरवा कोंब दिसला की त्याच संध्याकाळी गोणपाट काढायचं. एक दिवस उशीर झाला की कोंब पांढरे पडून लोळतात. कधी दोन आठवडेही लागतात. या दिवसांत लोकांचे फोन येतात, "काही उगवलंच नाही हो." म्हणून आम्ही त्याच रेघेत मधून मधून मुळ्याचं बी टाकतो. मुळा चार-पाच दिवसांत वर येतो, रेघ कुठे आहे ते दाखवतो आणि घरच्यांना धीर देतो.

रेघ दिसायला हवी याचं आणखी एक कारण आहे. २०१८ मध्ये वैशाली नगरच्या एका बंगल्यात आमचा वाफा सुंदर उगवला होता. बोटभर रोपं, दुसऱ्या-तिसऱ्या पानाला नक्षी फुटलेली. तिथल्या माळीबुवांनी एका सकाळी सगळा वाफा खुरपून साफ केला आणि मला म्हणाले, "मॅडम, पूरी क्यारी में गाजर घास हो गई थी." गाजर गवताला ते नाव पानाच्या सारखेपणावरून पडलेलं, त्यामुळे चूक त्यांची म्हणवत नाही. आम्ही घरात कुणालाच काही सांगून ठेवलं नव्हतं. आता पेरणीच्या दिवशी घरातल्या सगळ्यांना, माळ्याला आणि मोलकरणीलासुद्धा वाफ्यापाशी बोलावतो आणि हाताने रेघ दाखवतो. त्या बंगल्यातला वाफा पुन्हा पेरला तो आमच्या खर्चाने.

२०१९ पासून आम्ही संच विकणं बंद केलं. आता माती भरून देतो आणि त्याच पैशात तीन फेऱ्या करतो: पेरणीला, विरळणीला आणि काढणीला. कमाई पहिल्यापेक्षा कमी वेगाने वाढली, पण घरं टिकली. २०२० च्या टाळेबंदीनंतरच्या हिवाळ्यात इतकी मागणी आली की आम्हाला ४० घरांना नाही म्हणावं लागलं, कारण तेवढं कंपोस्ट तयारच नव्हतं. तीन महिन्यांचा ढीग दोन महिन्यांत होत नाही. आज आम्ही सहाजण आहोत, त्यांतल्या चारजणी. कचरा वेगळा करायची सवय इंदूरकरांना आहेच, त्यामुळे पुष्कळ घरी स्वयंपाकघरातला ओला कचरा मागच्या ढिगातच जातो आणि पुढच्या वर्षीचं खत त्यांचं त्यांना मिळतं.

तीन फेऱ्यांतली सगळ्यात अवघड विरळणीची. रोपं दोन इंच झाली की दाटीतली काढून टाकायची, दोघांत बोटभर जागा ठेवायची, आणखी पंधरवड्याने तीन बोटं. लोकांचा जीव तुटतो. एक आजोबा माझ्यासमोर खुर्ची घेऊन बसायचे आणि प्रत्येक रोपाला "हे राहू दे ना" म्हणायचे. मी त्यांच्याच हातात कात्री दिली. उपटलं तर शेजारच्याचं मूळ हलतं, म्हणून मातीलगत कापायचं. कापलेला पाला त्यांच्या सूनबाईंनी थालीपिठात घातला, तेव्हा कुठे त्यांना बरं वाटलं. जानेवारीत त्यांच्या वाफ्यातलं सगळ्यात लांब गाजर मोजलं, टीचभर आणि वर दोन बोटं.

पुढे फार काही नसतं. पाणी बेताने पण नेमाने. आठ दिवस कोरडं ठेवून एकदम पाट सोडला की गाजर उभं चिरतं. खांदे मातीबाहेर आले की हिरवे पडतात, म्हणून तिथे मातीची भर.

काढणीच्या आदल्या संध्याकाळी वाफा भिजवतो. सकाळी खांद्याभोवतीची माती बोटाने बाजूला करून जाडी बघायची, अंगठ्याएवढी झाली असेल तर काढायचं. शेजारी खुरपं घालून माती आधी सैल करायची, मग पाला मुठीत गोळा करून किंचित पिळत वर ओढायचं. माती सोडताना एक बारीक आवाज येतो. मुलं त्या आवाजासाठी रांग लावतात. पाला लगेच पिळून तोडायचा, नाही तर तो गाजरातलं पाणी ओढतो आणि संध्याकाळपर्यंत ते लुळं पडतं. सगळी एकदम काढायची नाहीत, लागतील तशी. मात्र महाशिवरात्रीपर्यंत वाफा रिकामा करायचा. त्यानंतर ऊन चढतं, आतला दांडा लाकडासारखा होतो आणि झाड फुलावर येतं.

या फुलावर येण्याचाच आम्ही २०२२ पासून उपयोग करतोय. नॅन्टिसला फुलायला दीर्घ थंडी लागते, तिचं बी हिमाचलसारख्या डोंगराळ भागात धरतं. पण आपलं लाल गाजर मैदानातही बी देतं. जानेवारीत सरळ, गडद, बारीक दांड्याची १२ गाजरं निवडली. वरचा चार इंचांचा तुकडा आणि थोडा पाला ठेवून ती पुन्हा मातीत लावली. मार्चमध्ये कमरेएवढी झाडं, त्यावर पांढऱ्या छत्र्या, आणि छत्र्यांवर दिवसभर मधमाश्या. एप्रिलअखेर छत्र्या तपकिरी होऊन आत मिटल्या. त्या कापून, सावलीत वाळवून, चाळणीवर घासून बियांची कुसं काढली. पहिल्या वर्षी कीड लागून बरंच वाया गेलं. दर वर्षी निवड करत गेलो.

गेल्या मे महिन्यातल्या बियांपैकी ५० बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या. बाराव्या दिवशी फडकं उलगडलं तर ३७ ना मोड आले होते. हे बी विक्रीला काढलेलं नाही, अजून दोन हिवाळे ते आमच्याच वाफ्यांत बघायचं आहे. फक्त एक पुडी बाहेर जाणार आहे, लोकमान्य नगरच्या काकूंकडे. त्यांनी १५ ऑक्टोबरची सकाळ मोकळी ठेवली आहे, आणि त्यांचा वाफा आम्ही परवाच भरून आलो.