लव्ह स्टोरी नको हं, मावशी

दहावीचा शेवटचा पेपर झाला आणि चौथ्या दिवशी भाची राहायला आली. दुपारी पुस्तकांच्या कपाटासमोर मांडी ठोकून बसली. "मावशी, काहीतरी दे ना. पण लव्ह स्टोरी नको हं."

'किशोर' वाचायचं वय सरलं की मराठीत एकदम मोठ्यांचीच पुस्तकं हातात येतात. मधल्या वयाचं कपाट जवळपास रिकामं. त्यातल्या त्यात मी मिलिंद बोकीलांचं 'शाळा' (२००४) काढलं, आणीबाणीच्या काळातल्या चार शाळकरी मित्रांची कादंबरी. इंग्रजी माध्यमातली पोरगी, पहिली वीस पानं ओळीखाली बोट धरून वाचली. मग चहाच्या वेळी मोठ्यांदा विचारलं, "इचिभना म्हणजे काय?" पोहे निवडणाऱ्या आईने चष्म्यावरून माझ्याकडे असं काही बघितलं की मी कप विसळायला उठले.

त्यातला मुकुंद आणि त्याला आवडणारी वर्गातली शिरोडकर तिला आवडले असावेत, बोलली नाही. बोलली ते भलत्याच गोष्टीवर. अर्धवट बांधलेल्या इमारतीत ही चार पोरं तासन्‌तास बसतात कशी? "यांना क्लास नव्हते?" आणीबाणीपेक्षा तिला तेच जास्त ऐतिहासिक वाटलं.

खरं लागलं ते ॲलिस ओसमनचं 'रेडिओ सायलेन्स' (२०१६). फ्रान्सिस शाळेची हेड गर्ल, अभ्यासात पुढे, डोळे केंब्रिजकडे. घरी मात्र एका पॉडकास्टची चित्रं काढत बसते, आणि हे शाळेत कुणालाच ठाऊक नसतं. तो पॉडकास्ट करणारा निघतो तिच्या ओळखीतला, लाजराबुजरा ॲलेड. आता जमणार यांचं, असं आपण म्हणेपर्यंत फ्रान्सिसच सांगून टाकते की तसलं काही होणार नाही. निव्वळ मैत्रीवर एवढी जाड कादंबरी! मधे थोडी पसरते, पण सोसते. शेवट सांगत नाही.

बेंजामिन अलिरे साएन्झ यांचं 'ॲरिस्टॉटल अँड दान्ते डिस्कव्हर द सीक्रेट्स ऑफ द युनिव्हर्स' देताना मात्र माझा हात जरा अडखळला. टेक्सासमधलं एल पासो, १९८७चा उन्हाळा, मेक्सिकन वंशाची दोन मुलं. एक दुसऱ्याला पोहायला शिकवतो, तिथून सुरुवात. पुढे त्या मैत्रीचं प्रेम होतं. मला त्यातले ॲरीचे वडील सर्वांत आवडतात. व्हिएतनामच्या युद्धातून आलेले, आणि त्याबद्दल घरात अवाक्षर न काढणारे. थोरला मुलगा तुरुंगात, त्याचंही नाव निघत नाही. अशी गप्प घरं आपल्याकडे काय कमी आहेत? दिलं. ताईला विचारलं नाही.

ताईचा रोज रात्री फोन. सायन्सच घेणार ना ती? क्लासची फी भरायची तारीख जवळ आली होती. मी "हो, बोलते" म्हणायचे आणि बोलायचे नाही. पोरगी दिवाणावर पालथी पडून वाचत असायची.

"मावशी, फ्रान्सिसची आई कसली भारी आहे ना!" एवढंच म्हणाली एकदा.

ती गेल्यावर पुस्तकं जागेवर लावताना 'रेडिओ सायलेन्स'चा एक कोपरा दुमडलेला दिसला. कोपरे दुमडणाऱ्यांना मी घरात घेत नाही. उघडून बघितलं, तर समासात पेन्सिलीने केस मोकळे सोडलेली एक मुलगी काढलेली, अगदी बारीक. चित्र काढते ही? सोळा वर्षांत मला माहीत नव्हतं.

रात्री ताईचा फोन आला तेव्हा म्हटलं, फी आठवडाभर थांबव.