21 युरोंची संध्याकाळ

सहल निघायला तीन आठवडे उरले असताना कोल्हापूरच्या एका निवृत्त चित्रकला शिक्षकांच्या मुलाचा मला फोन आला. आई, वडील, पत्नी आणि नऊ वर्षांचा मुलगा यांना घेऊन तो आमच्या युरोप सहलीत येणार होता आणि रोमच्या मुक्कामात व्हॅटिकनच्या संग्रहालयाची, ते सर्वांसाठी बंद झाल्यानंतरची, खास फेरी त्याला या पाच जणांसाठी हवी होती. दर माणशी 290 युरो होता, म्हणजे त्या वेळच्या भावाने साडेबावीस हजार रुपयांच्या आसपास. दिवसाचे साधे तिकीट 17 युरो आणि आगाऊ नोंदणीचे 4 मिळून 21 युरोंना मिळत होते, हे मी त्याला स्पष्ट सांगितले. शिवाय त्या वर्षी एप्रिलअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत दर शुक्रवारी संध्याकाळी 7 ते 11 संग्रहालय सर्वांसाठी उघडे असे आणि तेव्हा दिवसापेक्षा गर्दी कमी असे, हेही सांगितले. पण शुक्रवारी दुपारी आमची बस फ्लॉरेन्सला निघणार होती. त्याने सगळे ऐकून घेतले आणि एकच अट घातली. हा आकडा बाबांच्या कानावर जाता कामा नये.

ऑक्टोबर 2019 मधल्या त्या गुरुवारपर्यंत या फेरीविषयीचे माझे मत ठाम होते. ती बहुधा पैसेवाल्यांची हौस असते आणि त्या पैशांत रोममध्ये आणखी दोन दिवस काढता येतात, असे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगत असे. ते मत पुरते बदलले असे आजही म्हणता येणार नाही, कारण त्या संध्याकाळची सुरुवातच फसवणुकीने झाली. स्थानिक दलालाने आम्हाला ‘खाजगी’ म्हणून विकलेल्या फेरीसाठी दारावर आणखी चौदा परदेशी पाहुणे उभे होते. विचारणा केल्यावर कळले, की बंद झाल्यानंतरची फेरी आणि फक्त आपल्यासाठीची फेरी या दोन वेगळ्या वस्तू असून दुसरीचा खर्च काही हजार युरोंच्या घरात जातो. मुलाचा चेहरा पडला. त्याच्या वडिलांना, म्हणजे सरांना, मात्र वीस माणसांचा घोळका म्हणजे गर्दी वाटलीच नाही, कारण त्यांनी आयुष्यभर साठ मुलांच्या वर्गात चित्रकला शिकवली होती.

आत शिरल्यावर पहिला फरक जाणवला तो पायांना. वर्षाला साठ लाखांहून अधिक लोक पाहतात अशा या संग्रहालयात दिवसा माणूस चालत नाही, ढकलला जातो. नकाशांच्या 120 मीटर लांबीच्या दालनात छत पाहावे म्हणून थांबलो, तर मागचा माणूस पाठीवर येतो. त्या संध्याकाळी गुडघ्यांचा त्रास असलेल्या काकू आपल्या चालीने चालल्या आणि कोणी त्यांना मागे टाकून गेले नाही. आम्ही एक दालन सोडले, की मागचा रखवालदार दार लावून घेई. नातवाला संपूर्ण संग्रहालयात सर्वांत अधिक आवडले ते हेच, आणि प्रत्येक दालनाच्या शेवटी तो आजोबांचा हात सोडून दार लागताना पाहायला मागे धावत असे. मात्र नकाशांचे दालन दिवसा पाहणेच चांगले, असे मी आजही म्हणेन. खिडक्यांतून येणाऱ्या उन्हाने तिथले छत जसे उजळते तसे दिव्यांनी उजळत नाही. शिवाय राफाएलचे शेवटचे मोठे चित्र जिथे आहे ते चित्रदालन त्या वेळी बंद होते. जादा पैसे देऊन आपण संग्रहालयाचा काही भाग गमावतो, ही गोष्ट फेरी विकणारे कधी सांगत नाहीत.

सापांच्या विळख्यात सापडलेल्या लाओकूनच्या प्राचीन शिल्पापाशी मुलगा आणि सून यांचा उत्साह संपत आल्याचे मला दिसत होते. नऊ तासांच्या भटकंतीनंतर तो कोणाचाही संपला असता. मी मनातल्या मनात हिशेब करू लागले होते, की पाचपैकी तिघांचे पैसे वाया गेले.

सिस्टाइन चॅपेलमध्ये, म्हणजे संग्रहालयाच्या फेरीत शेवटी येणाऱ्या पोपच्या प्रार्थनागृहात, पाहुण्यांना वेदीच्या बाजूच्या लहान दाराने आत घेतात. दिवसा आत पाऊल टाकताच रखवालदारांचे ‘गप्प राहा, फोटो काढू नका’ सुरू होते. तिथे मार्गदर्शकांना बोलायला मनाई असल्यामुळे ते बाहेरच्या अंगणातच फलकांवरच्या छायाचित्रांवरून सारे समजावून सांगतात, आणि मग माणसे आत जाऊन ऐकलेले आठवत, मान वर करून, धक्के खात उभी राहतात. मी या खोलीत वीसपंचवीस वेळा तरी आले असेन, पण तिची फरशी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. सुमारे 40 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद अशी ती जागा रिकामी असली, की देऊळ कमी आणि कोठार जास्त वाटते. आमची मार्गदर्शक बाई तिथे शांतपणे, साध्या आवाजात बोलू शकत होती, आणि भिंतीलगतच्या बाकावर सर आणि काकू यांच्यामध्ये बसून मी तिचे बोलणे मराठीत सांगत होते.

ती म्हणाली, की मायकेलअँजेलोने 1508 ते 1512 या काळात हे छत परांचीवर उभे राहून, मान मागे टाकून रंगवले. आडवे झोपून नव्हे. सरांनी मला थांबवले. “काय सांगता ताई? मी बत्तीस वर्षे मुलांना तो झोपून रंगवायचा असेच सांगत आलो की.” बाईंनी त्यावर सांगितले, की या कामात आपली मान कशी मोडली आणि कुंचल्यातला रंग तोंडावर कसा ओघळला यावर त्याने स्वतः एक कविता केली असून तिच्या बाजूला उभ्याने छत रंगवणाऱ्या माणसाचे रेखाचित्रही काढलेले आहे. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी शर्टाच्या खिशातून एक छोटी दुर्बीण काढली आणि ते उठले.

त्यानंतरची चाळीसएक मिनिटे त्या खोलीत ते कोणाचेच नव्हते. प्रथम ते वेदीपासून सर्वांत लांबच्या टोकाला, बायबलातल्या जलप्रलयातून वाचलेल्या नोहाच्या प्रसंगांखाली गेले, तिथून पावलापावलाने वेदीकडे आले, आणि पुन्हा तसेच उलट गेले. तिसऱ्या खेपेला त्यांनी मला हाताने बोलावले. “त्या टोकाला माणसे बारीक आहेत आणि दाटीवाटीने काढलीत. इकडे येता येता मोठी होतात आणि कमी होतात. हे मुद्दाम आहे, का त्याची चूक आहे?” मी प्रश्न मार्गदर्शक बाईंना विचारला, तेव्हा त्या चक्क हसल्या. चित्रकाराने काम सुरू केले ते नोहाच्या टोकापासून. 1511 मध्ये अर्धे छत पुरे होऊन परांची उतरली, त्याने ते पहिल्यांदा जमिनीवरून पाहिले, आणि उरलेल्या भागात आकृत्या मोठ्या आणि मोजक्या केल्या. आपण वेदीच्या दाराने आत येतो, म्हणजे त्याने जिथे संपवले तिथून पाहायला सुरुवात करतो, त्यामुळे हा बदल बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सर मला म्हणाले, “पोरांचे चित्र मी नेहमी भिंतीला टेकवून लांबून बघायला सांगायचो. याला ते तीन वर्षांनी बघायला मिळाले.”

मग ओल्या गिलाव्याचा विषय निघाला. चुन्याचा गिलावा ओला असेतोवर त्यावर रंग द्यावा लागतो, म्हणून रोज जेवढे रंगवून होईल तेवढाच गिलावा चढवतात, आणि दोन दिवसांच्या कामांमधला सांधा जवळून पाहिल्यास ओळखू येतो, हे सांगितल्यावर सरांनी अजिंठ्याची आठवण काढली. शाळेच्या सहली त्यांनी अनेकदा तिकडे नेल्या होत्या. तिथे माती आणि भाताच्या तुसाच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात फिरवून, तो वाळल्यावर रंगकाम केलेले आहे, त्यामुळे तिथल्या चित्रकाराला घाई नव्हती आणि इथल्याला रोजची संध्याकाळ गाठायची होती, असे ते म्हणाले. वीस मीटर उंचीवरचा एक सांधा आपल्याला दुर्बिणीतून दिसल्याचा त्यांचा दावा होता. मी दुर्बीण लावून पाहिले, मला काही दिसले नाही. जलप्रलयाच्या चित्रातला आकाशाचा तुकडा मात्र साध्या डोळ्यांनाही गायब झालेला दिसतो. 1797 मध्ये जवळच्या किल्ल्यातील दारूगोळ्याचा स्फोट झाला तेव्हा तो खाली पडला.

काकूंनी या साऱ्यातले किती ऐकले, मला कळले नाही. त्या बाकावर मागे टेकून वर पाहत बसल्या होत्या आणि निघताना एवढेच म्हणाल्या, की कोणी ऊठ म्हणाले नाही ते बरे झाले. मुलगा मात्र चॅपेलमध्ये शिरल्यापासून छताकडे फारसा पाहत नव्हता. तो वडिलांकडे पाहत होता.

परतीची वाट लांबची होती. दिवसा काही वेळा चॅपेलच्या मागच्या दारातून थेट सेंट पीटर्सच्या चर्चमध्ये उतरता येते, पण त्या वेळी चर्च बंद झालेले असल्याने सारी दालने पुन्हा ओलांडून प्रवेशदाराशी यावे लागले. तिथेच, गोलाकार उतरणीवर, सरांनी मला विचारले, “याचे तिकीट किती पडले हो?” मुलगा चार पायऱ्या पुढे थबकला. मी म्हणाले, “21 युरो, सर.”

“मग उद्या सकाळी पुन्हा येऊ. खालच्या भिंतींवर बोत्तिचेल्ली आणि पेरुजिनो यांची चित्रे आहेत म्हणालात, ती राहूनच गेली.”

दुपारपर्यंत सहलीतल्या मंडळींना खरेदीसाठी मोकळा वेळ होता, त्यामुळे मला नाही म्हणता आले नाही. रात्रीच दोन तिकिटे काढली आणि शुक्रवारी सकाळी दार उघडताच आम्ही दोघे आत गेलो. गर्दी नेहमीसारखीच होती. चॅपेलमध्ये खांद्याला खांदा लावून उभे असताना सरांनी छताकडे एकदाही पाहिले नाही. 1481-82 मध्ये रंगवलेल्या बाजूच्या भिंती त्यांनी डोक्यांच्या वरून, दुर्बिणीने, वीस मिनिटांत एका दमात पाहिल्या आणि रखवालदाराने तिसऱ्यांदा पुढे सरकायला सांगितल्यावर ते निमूटपणे बाहेर पडले. रात्रीची फेरी झाली नसती, तर याच गर्दीत ते कुठे पाहावे ते न कळून हरवले असते, याची मला खात्री आहे. तेवढ्यासाठी पाच जणांचे 1,450 युरो घालायला हवे होते का, याचे उत्तर मी त्यांच्या मुलावर सोडते.

बसपाशी तो आमची वाट पाहत उभा होता. सरांनी घाम पुसला आणि त्याच्यासमोरच मला झापले. “ताई, दर एकच आहे ना दोन्हीचा? मग तुम्ही सगळ्या लोकांना रात्रीच का नेत नाही? उगीच दिवसा चेंगरता होय त्यांना!” मुलगा एकाएकी बसच्या डिकीत बॅगा नीट लावू लागला.