तुम्ही विचारलंत म्हणून: कूलंट घरी बदलता येतं का?

लिक्विड-कूल्ड, म्हणजे कूलंट नावाचा द्रव फिरवून इंजिन थंड ठेवणारी मोटरसायकल घेतलेला जो तो कधी ना कधी मला विचारतो, ‘कूलंट घरी बदलता येतं का, की ते वर्कशॉपचंच काम?’ येतं की. पाना धरता येत असेल तर जुनं काढणं अगदीच सोपं. वेळ खाते ती नवं भरताना आत अडकलेली हवा.

पहिल्या खेपेला मला हे ठाऊक नव्हतं. रेडिएटर, म्हणजे कूलंट गार करणारी जाळी, गळ्यापर्यंत भरला, झाकण लावलं, हात पुसले आणि निघालो. दहा मिनिटांत तापमानाचा काटा लाल पट्टीकडे! थांबून सगळीकडे वाकून पाहिलं, गळती कुठेच नाही. गाडी पार गार झाल्यावर झाकण काढलं तर पातळी खाली गेलेली, वरून चांगलं अर्धा पेला कूलंट मावलं. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंट तापलं की उघडणारी झडप, बंद असतो आणि त्याच्यामागे हवा कोंडते. ती कूलंट फिरवणाऱ्या पंपापाशी आली की पाती नुसती गरगरतात, कारण तो पंप पाणी ढकलायला केलेला, हवा नव्हे.

तर क्रम असा. गाडी रात्रभर उभी राहू द्या. हे फाजील काळजीपोटी सांगत नाही. आतलं कूलंट दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. गरम असताना झाकण उघडलंत की दाब सुटतो, ते क्षणात उकळतं आणि फवारा थेट तोंडावर येतो.

वॉटर पंपाच्या खालच्या बाजूला ड्रेन बोल्ट असतो. खाली जुनी परात ठेवा, स्वयंपाकघरात पुन्हा न जाणारी. बोल्ट निघाला तरी आधी नुसती बारीक धार लागते, आणि नवशिक्याला वाटतं, संपलं वाटतं. मग रेडिएटरचं झाकण उघडा. वरून हवा शिरते आणि धार एकदम उसळून परातीच्या पलीकडे जाते, म्हणून परात हातभर पुढे सरकवून ठेवलेली बरी. जास्तीचं कूलंट साठवणारी रिझर्व्ह टाकीही रिकामी करा, ती हमखास विसरली जाते. निघालेलं सगळं मापाच्या भांड्यात मोजून आकडा लिहून ठेवा.

बोल्टाला नवं वॉशर घाला आणि बेतानं आवळा. अ‍ॅल्युमिनियममधले आटे गेले तर वीस मिनिटांच्या कामाचा आठवडा होतो.

कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट असेल तर साधारणपणे निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. नळाच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. तयार मिश्रण आणलं असेल तर त्यात पाणी घालू नका. आणि रंगावर जाऊ नका. हिरवं, निळं, गुलाबी हा ज्याच्या त्याच्या कंपनीचा रंग. गंजरोधक रसायनं संपली तरी रंग तसाच राहतो, म्हणून मॅन्युअलमधली मुदत पाळायची.

आता हवा. कूलंट बारीक धारेनं ओता, होज पाइप हातानं दाबत राहा, बुडबुडे वर येतील. गाडी डावीउजवीकडे झुलवा. झाकण उघडंच ठेवून इंजिन आयडलवर चालवा. पातळी खाली जाईल तशी भरत जा, पण कूलंट तापून वर चढू लागलं की इंजिन बंद करून झाकण लावा. काही गाड्यांना हवेसाठी वेगळा ब्लीड बोल्ट असतो, मग काम निम्म्यावर येतं.

शेवटी लिहून ठेवलेला आकडा काढा. निघालं होतं तेवढंच आत गेलं का? दीडशे मिली कमी गेलं असेल तर तेवढी हवा अजून आत आहे. एक फेरी मारा, गाडी गार होऊ द्या, पुन्हा पाहा.

परातीतलं जुनं कूलंट मात्र लगेच झाकणाच्या कॅनमध्ये भरा. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्रीमांजरं ते चाटतात, आणि थोडंसंही त्यांच्या जिवावर बेततं. गटारातही ओतू नका. वापरलेलं ऑइल घेणारे बऱ्याचदा हेही घेतात, मी कॅन तिथेच देतो.