तुम्ही विचारलंत म्हणून: समुद्राजवळचं जुनं घर दुरुस्त करायचंय तर सुरुवात कुठून?

चतुर्थीला मुंबईहून घरी येणारे चुलत भाऊ आणि वहिनी असोत की वाड्यावरचे शेजारी, सगळे मला एकच विचारतात: गोव्यात मांद्र्याला आमचं जुनं घर आहे ते पाडून स्लॅबचं का नाही बांधलं, आणि आम्हालाही आमचं घर ईको-फ्रेंडली करून घ्यायचंय तर पहिलं काम कुठलं काढायचं? त्यांना वाटतं मी सोलरचं काहीतरी सांगेन किंवा एखाद्या पेंटचं नाव देईन. मी सांगते, आधी एक अख्खा पावसाळा त्या घरात राहा, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते बघा, आर्किटेक्टला त्यानंतर बोलवा.

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, आणि किनाऱ्यावर तो वाऱ्याबरोबर आडवा येतो. कुठल्या भिंतीवर झड बसते, वळचणीचं पाणी नेमकं कुठे पडून जोत्यावर उडतं, न्हाणीघरामागे किती दिवस साचून राहतं, विहीर कधी भरते, हे सगळं मोबाईलवर फोटो काढून ठेवा. आमच्या घराचा अर्धा प्लॅन त्या फोटोंवरूनच ठरला. पश्चिमेची वळचण पुढे काढली, त्या बाजूची मोठी खिडकी रद्द केली, आणि पावसाळ्यापुरती माडाच्या झापांची झड, म्हणजे आडोसा, बांधायची जुनी पद्धत परत सुरू केली. झापं आपल्याच भाटातली, म्हणजे माडांच्या बागेतली, पाऊस संपला की माडांच्या आळ्यात खत.

दुसरं काम कागदांचं, कंटाळवाणं आहे पण चुकत नाही. वडिलोपार्जित घर बहुतेक वेळा अजून आजोबांच्या नावावर असतं, आणि गोव्याच्या कायद्यात नवरा-बायको दोघांचा हक्क, म्हणजे प्रत्येक वारसाबरोबर त्याच्या जोडीदाराचीही सही. वन-फोर्टीन, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा उतारा, बघा, जागेत मुंडकार, म्हणजे मालकाच्या जमिनीत घर करून राहणारं कायद्याचं संरक्षण असलेलं कुटुंब, आहे का बघा. भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत असाल तर सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचा नियम, लागतो, आणि २०११ च्या अधिसूचनेप्रमाणे आपल्यासारख्या गावांत पहिल्या २०० मीटरमध्ये नवं बांधकाम होत नाही, पण जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती करता येते, जोतं आणि एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या मानाने एकूण बांधकाम, आहे तेवढंच ठेवून. त्यामुळे किनाऱ्यालगतचं घर पाडून मोठं बांधायचा विचार तिथेच थांबतो, आणि मला विचाराल तर ते बरंच आहे, कारण जे जांभ्या दगडाचे चिरे, जे वासे आधीच उभे आहेत त्यांच्यासाठी नवी खाण खणावी लागत नाही की नवं सिमेंट भाजावं लागत नाही. कुठलंही नवं ग्रीन मटेरियल त्याच्याशी बरोबरी करू शकत नाही असं माझं ठाम मत आहे.

आता भिंती, याबद्दल मी जास्त बोलणार कारण घराचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. आमच्या चिऱ्याच्या भिंतींवर कधीतरी मागच्या पिढीत सिमेंटचा गिलावा झाला होता. गवंड्याने छिन्नी लावली तर तो पापुद्र्यासारखा मोठमोठ्या तुकड्यांत सुटून आला, आणि मागचा चिरा भर एप्रिलात ओला. बोट फिरवलं की पांढरी भुकटी हाताला, तोच लोणा. चिरा सच्छिद्र दगड, जमिनीतली ओल वर ओढतो आणि हवेत सोडतो, पण वर सिमेंट आणि त्यावर प्लास्टिक पेंट असला की ओल आत कोंडते, तिच्यातलं मीठ चिऱ्याच्या भोकांत सुकून फुगतं आणि चिरा आतून भुसभुशीत होतो. चुन्याचा गिलावा ओल बाहेर जाऊ देतो, म्हणून आम्ही सगळं सिमेंट खरवडून चुना केला, कळीचा चुना भिजवून मुरवलेला, गूळ आणि हिरड्याचं पाणी घालून, वर चुन्याचीच सफेदी. चुन्याचं काम सावकाश होतं, थर पातळ द्यावे लागतात आणि प्रत्येक थराला वेळ द्यावा लागतो, आणि हे काम येणारे गवंडी आता थोडेच उरलेत, त्यांची तारीख मिळेल तशी बाकीची कामं लावा.

लोखंड शक्य तितकं टाळा. खाऱ्या हवेत लिंटेलमधली, म्हणजे दारा-खिडकीवरच्या काँक्रीटच्या तुळईतली, सळई गंजते, गंजली की फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते, किनाऱ्यावर पंधरा-वीस वर्षांचे स्लॅब बघा म्हणजे कळेल. जिथे स्क्रू-बिजागऱ्या लागतातच तिथे ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील घ्या, ३०४ ला समुद्राजवळ डाग पडतात.

छपराचं म्हणाल तर कौलं फेकू नका. १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला तेव्हापासून ही कौलं आपल्या किनाऱ्यावर आहेत आणि कितीतरी घरांवर आजोबांच्या काळातली अजून शाबूत आहेत. आमच्या मेस्ताने, म्हणजे सुताराने, एकेक कौल उतरवून बोटाच्या पेराने वाजवून बघितलं, चांगलं असेल तर टण्ण वाजतं, चीर असेल तर भद्द आवाज येतो, भद्द वाजलेली बाजूला, बाकीची घासून परत वर. वासे मात्र टोकाला, भिंतीत बसतात तिथे, नीट टोचून बघा, वाळवी तिथूनच शिरते.

पाण्यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. १०० चौरस मीटर छपरावर आपल्याकडे वर्षाला ३ लाख लिटर पाणी पडतं आणि आपण ते गटारात सोडून मे महिन्यात टँकर मागवतो. किनाऱ्यावर गोडं पाणी हलकं असल्यामुळे जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, पंपाने जास्त उपसलं की खालचं खारं वर येतं, आणि एकाने खोल बोअरवेल मारली की शेजारच्या चार विहिरी मचूळ होतात. आम्ही पन्हळ लावून, पहिल्या पावसाचं पाणी सोडून देऊन, बाकीचं खडी-कोळसा-रेतीच्या टाकीतून विहिरीत घेतो. सोकपिट, म्हणजे सांडपाण्याचा शोषखड्डा, विहिरीपासून होईल तितकी लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला घ्या, रेताड जमिनीत घाण फार लवकर झिरपते.

सोलर जरूर घ्या, फक्त माडाची सावली आधी बघा. १ किलोवॉटला साधारण १० चौरस मीटर जागा लागते, आणि २०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये सबसिडी आहे.

बाहेरचे दिवे मात्र सगळे विसरतात. मोरजी, मांद्रे, तिकडे आगोंद, गालजीबाग, या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पिल्लं रात्री बाहेर पडली की उजेडाच्या दिशेने चालतात, आणि तो उजेड आपल्या अंगणातल्या एलईडीचा असेल तर समुद्राऐवजी रस्त्यावर जातात. म्हणून समुद्राच्या बाजूला दिवा नकोच, लागलाच तर पिवळसर, कमी उंचीवर, वरून झाकलेला. तसंच वाळूच्या टेकड्यांवरची मर्यादवेल उपटून लॉन करायच्या भानगडीत पडू नका, वाळू धरून ठेवते ती वेलच.

खर्चाचं विचाराल तर चुन्याच्या कामाची आणि मेस्ताची मजुरी महाग पडते, मटेरियल स्वस्त पडतं, कारण अर्धंअधिक घरातच असतं. हातात पैसे कमी असतील तर छप्पर आणि पाणी आधी करा, किचन आणि टाइल्स थांबू शकतात. काम दिवाळीनंतर काढा, जमीन आणि भिंती तोवर जरा सुकलेल्या असतात, आणि गिलावा मेच्या सुरुवातीला संपेल असं बघा. यंदाचा पाऊस नुसता बघण्यात घालवा, फोटो काढा, आणि ते घेऊन घरी या, आमच्या गवंड्याशी तुमची गाठ घालून देते.