माल नेमका कुठं अडतो? जाधववाडी, पाचोड, कडवंचीची फेरी

बांधावरचा माल गिऱ्हाइकापर्यंत जाताना पैसा कुठं गळतो हे एकदा डोळ्यानं बघायचं म्हणून आमच्या गटातली काही जणं फेब्रुवारीच्या शेवटी निघालो. तुम्हालाही जायचं असेल तर हाच टाइम धरा, मृग बहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणारी) मोसंबी अन् जालन्याकडच्या कडवंची गावची द्राक्षं एकाच फेरीत बघायला मिळतात.

संभाजीनगरच्या जाधववाडी मार्केटला पहाटे अंधारातच पोचा, उजाडेपर्यंत भाजीचा बराच सौदा उरकलेला असतो. एकाच गावचे तिघं तीन वेगळ्या छोटा हत्तीतून आलेले, तिन्ही गाड्या अर्ध्या रिकाम्या अन् भाडं मात्र तिघांना पूर्ण, हे बघून खरंच जीव तुटला. ज्याचा माल कॅरेटात होता त्याला गिऱ्हाईक लगेच, गोणीतली काकडी खालून दबलेली म्हणून तिचा भाव आपोआप खाली.

कुठल्याही मार्केटात जा, पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाची पावती, हातात आली की तिथंच उभं राहून वाचा. फळं-भाजीपाल्याची आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, २०१६ पासून आपल्या राज्यात खरेदीदारानं द्यायचीय, शेतकऱ्यानं नाही. हमाली, तोलाई समजू शकतो, पण 'सूट' म्हणून वजनातून काही कापलं असेल तर कशाची ते विचारा, चारचौघात विचारा.

पाचोड संभाजीनगरहून पन्नासेक किलोमीटर, सोलापूर-धुळे हायवेवर, बीडकडच्या एसटीनं जाता येतं. मोसंबीचे ढीग बघा अन् भाव ऐका, लहानमोठं फळ एकत्र असलं की अख्ख्या ढिगाला बारक्या फळाचा भाव लागतो, म्हणजे निवड बागेतच केलेली बरी. अन् फळ ओढून तोडू नका, कात्रीनं कापा, ओढलेलं फळ देठापासून सडतं आणि हा माल तर पार दिल्लीपर्यंत जायचा असतो.

जालन्यात खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात आधी फोन करून जा. तिथं शून्य ऊर्जा शीतकक्षाबद्दल, म्हणजे विजेशिवाय भाजी थंड ठेवायच्या हौदाबद्दल, नक्की विचारा. दिल्लीच्या पुसा संस्थेनं काढलेली साधी गोष्ट आहे, विटांच्या दोन भिंती, मधे साडेसात सेंटिमीटर वाळू, सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं, लाइट लागत नाही. आपल्याकडची कोरडी हवा त्याला फार मानवते, पावसाळ्यात मात्र फारसा उपयोग नाही. माझ्या मते अल्पभूधारकानं मोठ्या कोल्ड स्टोरेजची वाट बघण्यापेक्षा आधी हे बांधावं, भाजी दोन दिवस टिकली तरी पडत्या भावात विकायची घाई राहत नाही.

कडवंचीला स्वतःची गाडी असलेली बरी. सकाळी लवकर जा, द्राक्षतोडणी ऊन चढायच्या आत असते, घड सावलीत आणून लगेच पॅकिंग. बागेत न विचारता शिरू नका, फवारणी झालेली असू शकते.

जाताना जुन्या पट्ट्या सोबत ठेवा, दाखवून बोललं की लोक मोकळं बोलतात. आमच्या गटानं पुढच्या तोडणीला सगळ्यांची मिळून एकच पिकअप लावायचं ठरवलंय, शेजारच्या गावातल्या कुणाला माल टाकायचा असेल तर आदल्या संध्याकाळपर्यंत कॅरेट किती ते कळवा.