सवलती मोजून माणसे मोजता येतील का?

जुलै उजाडला की माझ्या टेबलावर फॉर्म सोळांची, म्हणजे पगार आणि कापलेला कर दाखवणाऱ्या दाखल्यांची, चळत वाढू लागते. बेळगावात लोकांची रिटर्न भरून देणे हा माझा व्यवसाय, त्यामुळे आकड्यांवरून माणसाचा अंदाज बांधायची सवय लागलेली आहे. २०११ नंतरच्या जनगणनेचे आकडे अजून हाती नाहीत, आणि बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या विचारली तर आपण आजही ४७,७९,६६१ हाच जुना आकडा सांगतो. मग करसवलतीच्या नोंदींवरून राज्यात कमावत्या वयाची माणसे किती, याचा अदमास घेता येईल का, असा प्रश्न यंदा मनात आला.

अमेरिकेत अशा नोंदींवरून लोकसंख्येचा अदमास घेतला जातो. तिथे करदाता स्वतःसाठी, जोडीदारासाठी आणि अवलंबून असलेल्या प्रत्येकासाठी डोईमागे एक सवलत मागत असे. म्हणून रिटर्नची संख्या म्हणजे साधारणपणे कुटुंबे आणि सवलतींची संख्या म्हणजे माणसे, असे गणित बसले. लागोपाठच्या दोन वर्षांतले पत्ते ताडून कोण कोणत्या राज्यात गेले, हेही काढतात. ६५ वर्षांखालील लोकांच्या स्थलांतरासाठी तिथला जनगणना विभाग याच नोंदी वापरतो, त्यापुढच्या वयासाठी मेडिकेअरच्या, म्हणजे तिथल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या. २०१८ पासून या सवलतीची रक्कम शून्य झाली, तरी अवलंबितांची नावे रिटर्नवर राहिल्यामुळे मोजणी थांबली नाही. मात्र त्या संख्येत पाळण्यातले मूलही एक आणि त्याचा कमावता बापही एकच, हे विसरून तिला थेट कामकरी लोकसंख्या मानणे चुकीचे ठरेल.

आपल्याकडे तर डोईमागे सवलतच नाही. आपली सूट उत्पन्नाला मिळते, माणसाला नाही. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने चिकोडी-रायबाग भागातला निव्वळ उसावर जगणारा शेतकरी या हिशेबात सहसा येतच नाही.

त्यातल्या त्यात कामाशी जवळचा वाटतो तो नोकरी-धंद्यावर राज्य सरकार लावते तो व्यवसाय कर, इथल्या कन्नड कागदांवरचा ‘वृत्ती तेरिगे’. साठी ओलांडलेल्याला कर्नाटकात त्यातून माफी आहे, म्हणजे वयाची वरची रेघ आयतीच आखलेली मिळते. खालची रेघ मात्र पगाराची, आणि ती सरकते. एप्रिल २०२३ पासून कर्नाटकाने दरमहा १५,००० रुपयांची मर्यादा २५,००० वर नेली. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत अठरा हजारांवर काम करणारा मोल्डर त्या दिवसापासून या नोंदीतून गेला. भट्टीसमोरून मात्र तो हलला नव्हता. नुसत्या कराच्या नोंदी वाचणाऱ्याला वाटले असते की बेळगावातून कामगारांचा लोंढाच बाहेर पडला.

तेवढ्याच पगारावर कागलच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या पुरुषाचा महाराष्ट्रात व्यवसाय कर कापला जातो, कारण तिथे पुरुषांसाठी मर्यादा ७,५०० रुपयांची आहे. त्याच्या शेजारच्या यंत्रावर उभ्या असलेल्या बाईला मात्र २५,००० पर्यंत माफी आहे. एकच काम, एकच पगार, आणि तरीही एकाची नोंद होते, दुसरीची नाही. अशी नोंद कामगार किती हे सांगत नाही. कोणत्या विधानसभेने काय ठरवले, एवढेच सांगते.

सीमाभागात याला आणखी एक पीळ बसतो. महाराष्ट्रातल्या शिनोळीच्या कारखान्यांत बेळगावची माणसे जातात, तिकडच्याच चंदगडची माणसे कामाला बेळगावात येतात. परवा निपाणीचे एक गृहस्थ आले होते. फॉर्म सोळावर कागलची कंपनी, दरमहा दोनशे रुपये व्यवसाय कर कापलेला, पत्ता मात्र निपाणीचा. "साहेब, आमचा प्रोफेशनल टॅक्स महाराष्ट्रात कसा जातो? आम्ही तर कर्नाटकातले," असे त्यांनी विचारले. हा कर राहण्याच्या नव्हे, कामाच्या ठिकाणावर बसतो, हे मी समजावले. घरी आणखी कोण कमावते, म्हणून सहज विचारले, तर म्हणाले, "कुणी नाही." मग थोडे थांबून, "बायको बिड्या वळते, तेवढंच."

म्हणजे पत्त्यावरून मोजले तर हे गृहस्थ कर्नाटकाचे, व्यवसाय करावरून मोजले तर महाराष्ट्राचे. आणि सुपात पाने घेऊन दिवसभर बसणारी त्यांची पत्नी कुठल्याच राज्याची नाही. दोन्ही नोंदी एकत्र केल्या, तर ते दोनदा येतात आणि ती एकदाही येत नाही. घरातल्या कमावत्या माणसांची बेरीज मात्र बरोबर दोन भरते.