बावीस हजार अंकांचा पेपर

२०१८ चा पोळा चार दिवसांवर आला होता. सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात त्या दिवशी एका घरच्या मालकीच्या दैनिकाची सुनावणी होती. पश्चिम विदर्भातलं जिल्ह्याचं ठिकाण, आठ पानी अंक. आजोबांनी ट्रेडल मशीनवर साप्ताहिक म्हणून सुरू केलेला, मुलांनी दैनिक केलेला आणि आता दोन नातवांच्या वाटणीत अडकलेला. अर्जदार १९ : सहा उपसंपादक-वार्ताहर, चार डीटीपी ऑपरेटर, पाच मशीनवरचे, दोन प्लेटमेकर, दोन पार्सलवाले. कामगारांच्या बाजूने थकबाकीचे तक्ते मांडायचं काम माझं, म्हणून त्या टेबलाला मीही होतो.

मागणी मजिठिया वेतन आयोगाची, म्हणजे वृत्तपत्रांतल्या कामगारांसाठी केंद्र सरकारने लागू केलेल्या पगाराची. अधिसूचना ११ नोव्हेंबर २०११ ची. सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१४ ला आयोग वैध ठरवला आणि मागची थकबाकी वर्षभरात चार हप्त्यांत द्यायला सांगितली. मोठ्या शहरांतल्या पेपरांत या निकालावर मोर्चे निघाले, आमच्याकडे पगारपत्रकावरची सही तेवढी बदलली. रेव्हेन्यू स्टॅम्पवर एक रक्कम, हातात दुसरी. तालुका प्रतिनिधींना तर पगारच नाही, जाहिरातीवर कमिशन आणि खिशाला ओळखपत्र.

मालकांचा पहिला बचाव ठरलेला असतो, २०(ज). आयोगाच्या या कलमाप्रमाणे, ज्याला जुनाच पगार ठेवायचा आहे त्याने अधिसूचनेपासून तीन आठवड्यांत तसं लिहून द्यायचं, म्हणजे २ डिसेंबर २०११ पर्यंत. इथे १९ च्या १९ जणांची शंभराच्या स्टॅम्पपेपरवरची हमीपत्रं हजर होती, तारीख २८ नोव्हेंबर २०११. मजकूर शब्दन् शब्द सारखा, चुकासुद्धा सारख्या. अशी हमीपत्रं हातात आली की मी मजकूर वाचत बसत नाही, कागद उलटा करतो. मागच्या बाजूला मुद्रांक विक्रेत्याचा शिक्का असतो, त्यात अनुक्रमांक, घेणाऱ्याचं नाव आणि विक्रीची तारीख. इथे सगळे कागद मार्च २०१४ चे, ओळीने १९ क्रमांक, घेणारा एकच. म्हणजे न्यायालयाचा निकाल आल्यावर महिनाभराने विकत घेतलेल्या कागदावर सव्वादोन वर्षांपूर्वीची सही. तसंही १९ जून २०१७ च्या निकालाने २०(ज) ची हवा काढली होती. आयोगापेक्षा कमी पगार घ्यायला या कलमाचा आधार नाही, कंत्राटी माणसालाही आयोग लागू, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. त्यामुळे वकिलांनी हमीपत्रांवर फार वेळ घालवला नाही. त्यांचा खरा डाव पुढे होता.

मजिठियात पेपरचे आठ वर्ग आहेत. वर्ग ठरतो ढोबळ महसुलावर, २००७-०८, २००८-०९ आणि २००९-१० या तीन वर्षांच्या सरासरीवर. एक कोटीच्या आत असेल तर आठवा, एक ते पाच कोटी असेल तर सातवा. मूळ वेतनाची श्रेणी वर्गावरून निघते आणि बाकीचे आकडे तिच्यावर चढतात. तक्ता मांडताना सर्वांत जास्त चुका महागाई भत्त्यात होतात. महागाई निर्देशांकाचा पाया १६७ चा, जानेवारीत आणि जुलैत तो नव्याने काढायचा. कोणी वर्षाला एकदाच काढतो, कोणी केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची टक्केवारी जशीच्या तशी उचलतो. समोरच्या वकिलाला एवढी एक चूक सापडली तरी तो म्हणतो, रक्कमच वादग्रस्त आहे. आणि तेच त्याला हवं असतं. तेव्हाच्या श्रमिक पत्रकार कायद्याच्या कलम १७ प्रमाणे रकमेचा वाद नसेल तर वसुलीचा दाखला थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचा आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली व्हायची. वाद असेल तर प्रकरण कामगार न्यायालयात जायचं. तिथली चार-पाच वर्षं मालकाला परवडतात, मशीनमनला नाही.

तर मालकांनी ताळेबंद आणला. जाहिरात ५१ लाख, अंकविक्री साडेएकोणीस लाख, जॉबवर्क म्हणजे बाहेरची छपाई ९ लाख, म्हणजे साडेएकोणऐंशी लाख. वर्ग आठवा. जॉबवर्कची प्रेस सुनेच्या नावावर आणि कागद पुरवणारी फर्म भाच्याची, हा वेगळा विषय. एकाच हाताखालच्या संस्था कायद्यात एक धरता येतात, पण ते सिद्ध करायला पुन्हा न्यायालयच.

आमच्याकडे माहिती अधिकारात मिळालेली चार पानं होती. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून शासकीय जाहिरातींच्या फाइलची प्रत मागितली होती, अपिलात जाऊन मिळाली. शासनाच्या जाहिरात यादीतला वर्ग आणि दर खपावर ठरतो, म्हणून पेपरवाला तिथे सनदी लेखापालाचं खपाचं प्रमाणपत्र जोडतो. तिन्ही वर्षांच्या प्रमाणपत्रांत रोजचा विकला गेलेला खप २२,००० लिहिलेला. किंमत २ रुपये, वर्षाला ३६० अंक. गुणाकार १ कोटी ५८ लाख ४० हजार. एजंटांचं ३५ टक्के कमिशन वजा केलं तरी १ कोटी २ लाख ९६ हजार. जाहिरातीचा एक रुपया न धरता सातवा वर्ग.

सकाळी चहाच्या टपरीवर हा हिशेब हेड मशीनमन काकांना दाखवला. त्यांनी त्या घरात २६ वर्षं काढली होती. कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "साहेब, मले इचारलं तं म्या काय सांगू? चार हजाराच्या वर अंक म्या कदी काढला नाई."

हे मला माहीत होतं. कोणाही मशीनवाल्याला माहीत असतं. कागद चौरस मीटरला ४५ ग्रॅमचा, रिळाची रुंदी ७० सेंमी, मशीनचा कट-ऑफ, म्हणजे एका वेळी कापली जाणारी लांबी, ५४.६ सेंमी. चार पानांचा एक ताव १७.२ ग्रॅम, आठ पानी अंक साडेचौतीस ग्रॅमच्या आसपास. २२,००० अंकांना रात्रीला ७५० किलोहून जास्त कागद लागेल, महिन्याला बावीस-तेवीस टन. गोदामाच्या रजिस्टरात महिन्याचा खर्च पावणेपाच टन. दोन रिळं लावली की चार रात्री जायच्या. ताळेबंदही तेच सांगत होता. अंकामागे हातात येणारे १ रुपया ३० पैसे गुणिले ३६० असं धरून साडेएकोणीस लाखांना भागा, ४,२०० च्या आत अंक येतो. म्हणजे कामगार खात्याला दिलेला आकडा खरा होता, जाहिरात खात्याला दिलेला खोटा.

काकांना एवढंच सांगितलं, "काका, आपण काहीच सांगायचं नाही. कागद त्यांचा, सही त्यांची. विचारलं तर खरं तेच बोला." ते गप्प राहिले. त्यांना ते पटलं नव्हतं, हे चेहऱ्यावर दिसत होतं. खरं सांगायचं तर मलाही पुरतं पटलं नव्हतं.

सुनावणी चाळीस मिनिटं चालली. अधिकाऱ्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, चष्मा वर केला आणि मालकांच्या वकिलांना विचारलं, यातला खरा कोणता? वकील म्हणाले, ताळेबंद. मग हे प्रमाणपत्र? ते फक्त जाहिरातीसाठी. अधिकारी म्हणाले, "असं लिहून द्या. वाद आहे म्हणून मी प्रकरण न्यायालयात पाठवतो, सोबत दोन्ही कागद जातील."

खोलीत पंख्याचा तेवढा आवाज. २२,००० खोटे म्हटले तर यादीतला वर्ग जातो आणि दहा वर्षं चढ्या दराने घेतलेल्या बिलांचा प्रश्न उभा राहतो. खरे म्हटले तर सातव्या वर्गाचा पगार द्यावा लागतो. धाकटे भाऊ थोरल्यांकडे बघत होते. दोघांत दीड वर्ष बोलणं नव्हतं. थोरल्यांनी अर्धा तास मागितला, पंचवीस मिनिटांत परत आले. तडजोड करू म्हणाले.

इथे एक गोष्ट सांभाळावी लागायची. आयोगापेक्षा कमी दर मान्य करणारा करार त्याच कायद्याच्या कलम १६ मुळे टिकत नसे. म्हणून दरावर तडजोड केली नाही, हप्त्यांवर केली. सातव्या वर्गाने १९ जणांचे ४७ लाख, २४ हप्ते, प्रत्येकाला पुढच्या तारखांचे धनादेश, दोन हप्ते चुकले तर उरलेल्या सगळ्या रकमेचा वसुली दाखला. कापून न भरलेला १४ महिन्यांचा भविष्य निर्वाह निधी यात मुद्दाम घेतला नाही, त्याची तक्रार वेगळी चालू ठेवली. तो मिसळला की मालक म्हणतो, सगळं मिटलं.

बाहेर पडताना थोरले भाऊ माझ्याशी नाही, काकांशी बोलले. "काका, बावीस हजार खपत असता, तर तुमच्यावर ही पाळी येऊ दिली असती का?" काकांनी उत्तर दिलं नाही, फक्त चप्पल घातली.

ते वाक्य खोटं नव्हतं. चार हजारांचा अंक का परवडत नाही, हे मशीनजवळ उभं राहिलं की कळतं. चार रंगीत पानांना सोळा प्लेटा, चार काळ्यापांढऱ्यांना चार, मिळून रात्रीला वीस. अंक चारशे काढा नाहीतर चाळीस हजार, प्लेटा वीसच. मशीन सुरू झालं की चार रंग एकमेकांवर नीट बसेपर्यंत, पाण्याचा आणि शाईचा मेळ जमेपर्यंत दोनशे-अडीचशे अंक रद्दीत जातात. मोठ्या पेपरला ते दिसतही नाहीत, चार हजारांत सहा टक्के जातात. मशीन पंधरा हजारांच्या वेगाने पंधरा-वीस मिनिटांत काम उरकतं, मग उरलेली रात्र पाच माणसं आणि ते धूड बसून. त्यात गठ्ठे पहाटेच्या एसटीला द्यायचे. अंक उशिरा निघाला की आतल्या तालुक्यांचा एजंट परतीचा गठ्ठा पाठवतो आणि बिल अडवतो.

असा पेपर चालतो सरकारी जाहिरातींवर, कृषी केंद्रांच्या बियाण्याच्या जाहिरातींवर, वाढदिवस-पुण्यस्मरणांवर आणि निवडणुकीच्या मोसमावर. ई-निविदा आल्यावर निविदेची मोठी सूचना चार ओळींची झाली. नोटाबंदीच्या हिवाळ्यात रोखीच्या जाहिराती आटल्या. २०१७ च्या बोंडअळीनंतर कृषी केंद्रवाल्यांचीच उधारी अडकली, ते पेपरला कुठून देणार? जिल्हा परिषदेची बिलं तर वर्षावर्षाने निघतात. खप वाढवून लिहिला नाही तर दर मिळत नाही आणि शेजारचा प्रत्येक पेपर वाढवूनच लिहितो. कागदावरच्या त्या खपाने या घराला पंधरा वर्षं जगवलं.

सात हप्त्यांचे धनादेश वटले. आठवा परत आला, नववाही. धनादेशाच्या प्रकरणात मुदती कडक असतात : बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर १५ दिवस वाट पाहायची, त्यानंतर महिनाभरात फिर्याद. १९ माणसांच्या १९ नोटिसा जायच्या होत्या, पण दोघांनी मेमो घरी ठेवून दिला आणि मुदत गेली. वसुली दाखला निघाला, तहसीलमधून मंडळ अधिकारी पंचनाम्याला आले, तेव्हा मशीनच्या फोल्डरवर बँकेच्या तारणाची पाटी दिसली. इमारत आईच्या नावावर. गोदामात अडीच रिळं आणि रद्दी. त्यांनी तेवढ्याचा पंचनामा केला.

मार्च २०२० मध्ये मशीन थांबलं, ते पुन्हा फिरलं नाही. बँकेने ते भंगाराच्या भावात काढलं. १९ पैकी अकरा जणांना अजून अर्ध्याहून जास्त येणं आहे. काका आता गावातल्या फ्लेक्सवाल्याकडे जातात.

अंक मात्र निघतो. शेवटच्या पानाच्या तळाशी मुद्रक-प्रकाशकाच्या ओळीत छापखान्याचं नाव बदललं, त्यासाठी दंडाधिकाऱ्यांपुढे नवं घोषणापत्र झालं. मागच्या वर्षी त्या दुसऱ्या छापखान्यात वेगळ्या कामाने गेलो होतो, तेव्हा तिथल्या मशीनमनला विचारलं, यांचा किती काढता?

"सहाशे," तो म्हणाला. "त्यातले दीडशे तं रंग बसेस्तोरच जाते."